विचारा की: पेशीच्या घरात शिरायचं, पण घर मोडायचं नाही

मागच्या अंकात मी जिवंत पेशीच्या आतली वीज मोजणाऱ्या चिपांवर दीड पान लिहिलं होतं. नखाएवढी चिप, तिच्यावर हजारो बारीक इलेक्ट्रोड, त्यांच्यावर हृदयाच्या नाहीतर मेंदूच्या पेशी वाढवायच्या आणि पेशीच्या आत काय चाललंय ते त्या इलेक्ट्रोडांनी टिपायचं, एवढीच गोष्ट होती ती. त्यावर सांगली-साताऱ्याकडून इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले की यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि कुणाचंही नाव छापलेलं नाही, फक्त गाव.

ताई, मी कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, रोज मल्टिमीटर हातात असतो. पेशीत 70 मिलिव्होल्ट असतात असं तुम्ही लिहिलंय. माझा मीटर 0.1 मिलिव्होल्टपर्यंत दाखवतो. मग दोन वायरी लावल्या की काम झालं, त्याला एवढी चिप कशाला?
(कुपवाड)

दादा, या सगळ्या विषयाची गाठ तुमच्याच प्रश्नात आहे म्हणून हा पहिला घेतला.

आधी जागेचं बघू. पेशी असते साधारण 10 ते 20 मायक्रॉनची, आणि आपला केस 70 मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे केसाच्या जाडीत चार-पाच पेशी शेजारी शेजारी बसतील, तिथं मीटरचा प्रोब टेकवायचा म्हणजे मुंगीच्या बिळात पहार घालण्यासारखं. म्हणून मग काचेची बारीक नळी तापवून दोन्हीकडून ओढतात, मधे ती तुटते आणि तुटलेलं टोक इतकं बारीक होतं की 1 मायक्रॉनच्याही खाली जातं. आत पोटॅशियम क्लोराइडचं पाणी भरायचं, त्यात क्लोराइडचा थर दिलेली चांदीची तार सोडायची, ही झाली तुमची वायर. शिकागोत गिल्बर्ट लिंग आणि राल्फ जेरार्ड यांनी 1949 मध्ये अशा नळ्यांनी बेडकाच्या स्नायूपेशींच्या आतलं व्होल्टेज मोजलं, आणि त्यानंतर जगभर हीच पद्धत पसरली.

आता तुमच्या धंद्यातली गोष्ट. टोक एवढं बारीक झालं की त्याचा रेझिस्टन्स भयानक वाढतो, 100 मेगाओहमपर्यंत सहज जातो. आणि चांगल्या डिजिटल मीटरचा इनपुट रेझिस्टन्स किती? 10 मेगाओहम. म्हणजे सरळ सरळ व्होल्टेज डिव्हायडर झाला की नाही, 110 मधले 10 तुमच्या वाट्याला, 70 मिलिव्होल्टचे दिसणार जेमतेम 6. वर आणखी एक, तो मीटर पेशीतून करंट ओढणार आणि त्या बिचारीची आतली वीज एवढी थोडी की मीटर लावणं म्हणजे तिच्यावर लोड टाकणं, मोजता मोजताच ती उतरणार. म्हणून या कामाला वेगळे अ‍ॅम्प्लिफायर लागतात, ज्यांचा इनपुट रेझिस्टन्स गिगाओहमच्याही वर असतो. शिवाय मेंदूतल्या पेशीचा झटका, म्हणजे तिच्या विजेची एकदम उसळी, 1-2 मिलिसेकंदात येऊन जातो, मीटरचा आकडा तोपर्यंत हललेलाही नसतो.

70 मिलिव्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतं हे खरंय. पण ते कशावर पडलंय बघा. पेशीचा पडदा 5 नॅनोमीटर जाड. 70 मिलिव्होल्ट भागिले 5 नॅनोमीटर करा, लांबीच्या एका मीटरमागे 1 कोटी 40 लाख व्होल्ट येतात. हवेत ठिणगी पडायला एका मीटरमागे साधारण 30 लाख व्होल्ट लागतात. म्हणजे हवेत ठिणगी पडायला जेवढा ताण लागतो त्याच्या चौपट-पाचपट ताण आपल्या प्रत्येक पेशीच्या पडद्यावर आत्ता, हे वाचताना, बसलेला आहे आणि तो पडदा तरीही फाटत नाही. मला हे गणित पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती.

ही वीज येते कुठून, तर मिठातून. पेशीच्या बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त, आणि पडद्यात बसलेला पंप एका फेरीत 3 सोडियम बाहेर टाकतो नि 2 पोटॅशियम आत घेतो, चोवीस तास, न थांबता. आतलं पोटॅशियम थोडं थोडं बाहेर झिरपत राहतं, धन भार बाहेर जातो, म्हणून आतली बाजू ऋण. कोयनेत पाणी अडवून ठेवलेलं असतं तसा हा साठा, पडद्यातलं दार उघडलं की सोडियम धाडकन आत येतं आणि तोच तो झटका. (पंपाचा शोध डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांचा, 1957 चा, नोबेल मिळायला 1997 उजाडलं.)

आमची विट्याची गलाईवाली मंडळी, तीन पिढ्या सोनं-चांदी गाळतोय. लेखात सोन्याच्या मशरूमसारख्या इलेक्ट्रोडचा उल्लेख होता. सोनंच का, आणि ते मशरूम करतात कसं?
(विटा)

सोनं का हे तुम्हाला मी काय सांगायचं, गंजत नाही म्हणून! पेशी खारट पाण्यात राहते, तांबं किंवा लोखंड तिथं विरघळून विष होईल, सोनं आणि प्लॅटिनम शांत राहतात. पेशींना त्यांचा त्रास होत नाही.

करायची पद्धत मात्र तुमच्या ओळखीची निघेल, ते मुलामा चढवणंच आहे. चिपवर एक पातळ थर देतात, त्यात प्रकाशाने 1-2 मायक्रॉनची भोकं पाडतात, तळाशी धातू उघडा ठेवतात. मग सोन्याच्या द्रावणात बुडवून करंट द्यायचा. सोनं आधी भोकात भरत जातं, तो झाला देठ, आणि भोक भरलं की काठावरून बाहेर सांडतं आणि चारी बाजूंनी पसरतं, ती झाली टोपी. वरचा थर धुवून टाकला की अळंबी उभी. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मिखा स्पिरा यांच्या गटाने ही अळंबी 2010 मध्ये मांडली. त्यातली शक्कल मला फार आवडते. त्यांनी सुई टोचलीच नाही. टोपीवर असं एक प्रथिनाचं तुकडं चिकटवलं की पेशीला वाटतं हे काहीतरी खाण्याजोगं आहे, आणि ती स्वतःहून टोपीभोवती आपला पडदा गुंडाळते, गिळायला जाते. पडदा इतका घट्ट बसतो की मधून वीज गळत नाही आणि आतलं व्होल्टेज काही मिलिव्होल्टात बाहेर दिसायला लागतं. समुद्री गोगलगायीच्या मोठ्या चेतापेशींवर त्यांनी हे आधी करून दाखवलं.

मी कराडला बारावी सायन्सला आहे. ईसीजी, ईईजीमध्ये शरीरातली वीज बाहेरूनच मोजतात, कुठे टोचत नाहीत. मग पेशीच्या आत शिरायची गरजच काय? आणि मला पुढे हेच शिकायचं असेल तर कुठे जाऊ?
(कराड)

बाळ, कधी सांगलीला आलीस तर नाटक चालू असताना भावे नाट्यमंदिराच्या बाहेर रस्त्यावर उभी राहून बघ. टाळ्या ऐकू येतील. एखादं मोठ्यानं म्हटलेलं वाक्य येईल. पण नटाने श्वास कुठे घेतला, प्रॉम्प्टरने हळूच शब्द कुठला दिला, ते नाही येणार, त्याला आतच बसावं लागतं. ईसीजी म्हणजे रस्त्यावरून ऐकलेल्या टाळ्या, कोट्यवधी पेशी एकदम धडकल्या की छातीवर जेमतेम 1 मिलिव्होल्ट येतो. ईईजीत तर त्याहून कमी, काही दहा मायक्रोव्होल्ट.

मग 1972 मध्ये थॉमस आणि सहकाऱ्यांनी बशीच्या तळालाच इलेक्ट्रोडांच्या रांगा बसवल्या आणि वर कोंबडीच्या पिलाच्या हृदयपेशी वाढवल्या. म्हणजे रस्त्यावरून उठून थेट थिएटरच्या भिंतीला कान लावला. आज अशा चिपा पुष्कळ लॅबमध्ये आहेत, पेशी महिनोन् महिने त्यांवर जगतात कारण त्यांना कुणी हात लावलेला नसतो. पण भिंत ती भिंतच. सिग्नल मिळतो तो दहा ते काही शे मायक्रोव्होल्टचा, आणि मिळतं काय तर पेशी "बोलली" एवढंच. मेंदूतल्या एका पेशीवर हजारो दुसऱ्या पेशी येऊन टेकलेल्या असतात, प्रत्येकजण थोडं थोडं ढकलत असतो, कुणी पुढे कुणी मागे, कधी अर्धा मिलिव्होल्ट, कधी एक-दोन, आणि या सगळ्याची बेरीज एका पातळीवर पोचली तर पेशी झटका देते, नाही पोचली तर गप्प राहते. बाहेरून आपल्याला फक्त निकाल दिसतो. त्यामागचा विचार आतच असतो. आणि जी पेशी गप्प बसली ती तर बाहेरच्या इलेक्ट्रोडला नसल्यासारखीच.

आत शिरायची धडपड जुनी आहे. स्क्विडच्या अंगात, कोकणात ज्याला माकूल म्हणतात त्याच्या, एक चेतातंतू असतो अर्धा ते एक मिलिमीटर जाड, डोळ्यांनी दिसतो. 1939 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी त्या तंतूच्या आत उभी नळी सरकवली आणि झटका आतून मोजला. तोवर समज अशी होती की झटक्यावेळी पडद्याचं व्होल्टेज शून्यावर येतं. त्यांना दिसलं की ते शून्य ओलांडून पलीकडे जातं! आणि लगेच काही दिवसांत महायुद्ध सुरू झालं, दोघे रडारसारख्या युद्धाच्या कामाला लागले, पुढचं काम पूर्ण व्हायला 1952 उजाडलं. 1963 चं नोबेल त्यांना जॉन एक्लिस यांच्यासोबत मिळालं.

छोट्या पेशींसाठी मोठी उडी मारली ती जर्मनीत गटिंगेनला एर्विन नेहर आणि बर्ट साकमन यांनी, 1976 मध्ये. त्यांनी काचेची नळी पेशीत खुपसली नाही, पडद्याला टेकवली. पुढे लक्षात आलं की टोक स्वच्छ असेल आणि हलकंसं ओढून घेतलं तर काच आणि पडदा असे चिकटतात की मधला रेझिस्टन्स गिगाओहममध्ये जातो. त्याला पॅच क्लॅम्प म्हणतात, त्याचं नोबेल 1991 चं.

माझ्या आयुष्यातली काही वर्षं याच टेबलापाशी गेली आहेत म्हणून थोडं थांबून सांगते. हवेच्या उशांवर तरंगणारं जड टेबल, कारण खाली रस्त्यावरून ट्रक गेला तरी टोक हलतं. चारी बाजूंनी तांब्याच्या जाळीचा पिंजरा, कारण भिंतीतल्या वायरिंगचा 50 हर्ट्झचा हम सिग्नलमध्ये घुसतो. एका ठिकाणी अर्थिंग चुकलेलं होतं आणि आम्ही तीन आठवडे तो हम शोधत होतो, एकेक प्लग काढून. तर नळी पेशीजवळ न्यायची, तोंडात धरलेल्या ट्यूबमधून श्वास आत ओढायचा, अगदी हलका, आणि स्क्रीनवर आकडा चढताना बघायचा, 20 मेगा, 100 मेगा, 400, आणि मग एकदम उडी मारून 2 गिगा. "सील बसलं" असं आम्ही कुजबुजायचो, मोठ्यानं बोलायलाही भीती वाटायची. मग आणखी एक झटका श्वासाचा, पडदा फुटतो आणि तू पेशीच्या आत असतेस. समोर तिचं बोलणं, एकेक मिलिव्होल्ट स्वच्छ. पण आता तिच्यातला रस नळीत उतरायला लागलेला असतो. अर्धा तास, फार तर एखाद-दोन तास, मग ती फुगते, काळवंडते, जाते. दिवसभरात आठ-दहा पेशी मिळाल्या तर आम्ही तो दिवस चांगला म्हणायचो. आणि मेंदूत चेतापेशी आहेत 86 अब्जांच्या घरात.

म्हणजे अडचण अशी: बाहेर राहिलं तर पेशी जगते पण सांगत काही नाही, आत शिरलं तर सगळं सांगते पण जगत नाही, आणि एका वेळी एकच. गेल्या पंधरा वर्षांत ज्या चिपा आल्या त्या सगळ्या या एका कोंडीतून वाट काढायला आल्यात. अळंबी वर सांगितलीच. 2012 मध्ये स्टॅनफर्डमध्ये बियानशाओ स्वे यांच्या गटाने प्लॅटिनमचे खांब उभे केले, 150-200 नॅनोमीटर जाडीचे, हृदयपेशी त्यांच्यावर बसवल्या आणि मिलिसेकंदाहूनही छोटा विजेचा ठोका दिला. ठोक्याने खांबाच्या टोकाशी पडद्यात छिद्रं पडतात आणि टोक क्षणात "आत" जातं, काही शे मायक्रोव्होल्टचा सिग्नल मिलिव्होल्टात पोचतो, आकारही आतल्यासारखा. आणि पुढचं मला सगळ्यात सुंदर वाटतं: दहा-पंधरा मिनिटांत पेशी ती छिद्रं स्वतः बुजवते. सिग्नल हळूहळू पुन्हा बारीक होतो, म्हणजे तुम्हाला दाराबाहेर काढलं, पण पेशी जिवंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठोका द्या, पुन्हा आत, तीच पेशी. पॅच क्लॅम्पमध्ये तीच पेशी उद्या भेटायची सोयच नव्हती.

त्याच वर्षी हार्वर्डमध्ये होंगकुन पार्क यांच्या गटाने सिलिकॉनच्या उभ्या तारांनी उंदराच्या चेतापेशींचं आतलं बोलणं टिपलं, आणि पुढे डोनी हॅम यांच्यासोबत त्यांनी इलेक्ट्रोड आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच चिपवर आणले, मोबाइलच्या कॅमेऱ्यात असते तशा सीमॉस चिपवर. 2020 च्या त्यांच्या चिपवर 4,096 इलेक्ट्रोड होते, त्यांनी 1,700 हून जास्त चेतापेशींच्या आतलं व्होल्टेज टिपलं आणि त्यातून सुमारे 300 जोडण्या शोधल्या. 2025 मध्ये त्यांनी सुया सोडून 4,096 बारीक भोकांची चिप केली, पॅच क्लॅम्पच्या नळीची तोंडं जणू चिपवर उलटी मांडलेली, आणि सुमारे 2,000 पेशींमधून 70,000 हून जास्त जोडण्यांचा नकाशा काढला. दिवसाला आठ पेशी मोजलेल्या माणसाला हा आकडा वाचून काय वाटतं ते शब्दांत नाही सांगता येत गं.

सगळं गोड नाही हेही ऐकून घे. यातले पुष्कळसे इलेक्ट्रोड आतलं व्होल्टेज पूर्ण दाखवत नाहीत, शंभरातले दहा-वीस मिलिव्होल्ट दाखवतात, आणि किती कमी दाखवतायत तेही पेशीगणिक बदलतं, म्हणून ताडून बघायला आजही शेजारी पॅच क्लॅम्पवाला लागतोच. चेतापेशी हृदयपेशींपेक्षा नाजूक, तिथं यश कमी मिळतं.

शिकायचं म्हणशील तर पुण्याचं आयसर, बेंगळुरूचं एनसीबीएस, मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र ही नावं लिहून ठेव. आणि बायोलॉजी आवडते म्हणून फिजिक्स सोडू नकोस. या विषयात ओहमचा नियम रोज लागतो, अगदी रोज.

मिरजेत वडिलांचा ईसीजी काढला तर डॉक्टर म्हणाले क्यूटी लांबलाय, आणि चालू असलेली एक गोळी बदलली. ती गोळी हृदयाची नव्हतीच, दुसऱ्याच आजाराची होती! गोळी बाजारात येण्याआधी हे तपासत नाहीत का?
(मिरज)

तपासतात, आणि तपासायला लागले ते माणसं गेल्यानंतर. क्यूटी म्हणजे ईसीजीच्या कागदावर हृदयाच्या पेशींचा झटका सुरू झाल्यापासून उतरेपर्यंतचा वेळ.

हृदयाच्या पेशीचा झटका मेंदूच्या पेशीसारखा सुटसुटीत नसतो, 200-300 मिलिसेकंद चालतो, वर चढतो, बराच वेळ पठारासारखा सपाट राहतो आणि मग उतरतो. उतरायला पोटॅशियमची दारं उघडावी लागतात. त्यातल्या मुख्य दाराचं नाव हर्ग. (नावामागे माशी आहे: ईथर दिल्यावर पाय नाचवणाऱ्या फळमाशीत या घराण्याचं जनुक आधी सापडलं.) या दाराची आतली पोकळी मोठी असल्यामुळे नाना प्रकारची औषधं तिथं जाऊन अडकतात, अ‍ॅलर्जीची, पोटाची, मानसिक आजाराची, काही अँटिबायोटिकं. दार अडलं की उतार लांबतो, ईसीजीवर क्यूटी लांब दिसतो, आणि क्वचित एखाद्याच्या हृदयाची लय अचानक बिघडते. टर्फेनाडीन नावाची अ‍ॅलर्जीची गोळी होती, लाखो लोक घ्यायचे, काही बुरशीच्या औषधांसोबत ती रक्तात साठायची आणि हेच व्हायचं. 1998 मध्ये अमेरिकेत ती बंद झाली. 2005 पासून नव्या औषधांच्या क्यूटी तपासणीचे आंतरराष्ट्रीय नियम आले.

पण नुसतं हर्ग अडतं का एवढंच बघितलं तर चुकीचा निकाल येऊ शकतो, कारण काही औषधं हर्ग अडवतात पण कॅल्शियमचं दारही अडवतात आणि हिशोब जुळून जातो, धोका राहत नाही. चांगली औषधं उगाच बाद होतात. म्हणून 2013 पासून असा प्रयत्न चाललाय की सगळी दारं आणि माणसाच्या पेशीचा पूर्ण झटका बघायचा. माणसाच्या हृदयाच्या पेशी आणायच्या कुठून? तर शिन्या यामानाका यांनी दाखवलेल्या पद्धतीने कातडीच्या किंवा रक्ताच्या पेशींना मागे नेऊन मूळपेशी करतात आणि त्यांच्यापासून हृदयपेशी. त्या बशीत आपोआप धडधडतात, बघितलं तर अंगावर काटा येतो. आणि इथं आपली चिप लागते. बाहेरून ऐकणाऱ्या इलेक्ट्रोडला झटक्याची सुरुवात आणि शेवट कळतो, मधलं पठार कसं होतं, उतार कुठे अडखळला, ते आत शिरलेल्या इलेक्ट्रोडलाच नीट दिसतं. एकाच बशीत शेकडो पेशी, औषधाचा थेंब टाकायच्या आधी आणि नंतर. फक्त या पेशी वयाने कोवळ्या असतात, गर्भातल्या हृदयासारख्या, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा धरत नाहीत.

वडिलांसाठी दोन गोष्टी. क्यूटीचा तो कागद फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा आणि कुठल्याही डॉक्टरकडे, दाताच्यासुद्धा, गेलात की आधी तो दाखवा. आणि जुलाब-उलट्या झाल्या तर हयगय करू नका, शरीरातलं पोटॅशियम घटलं की क्यूटी आणखी लांबतो. स्वतःच्या मनाने गोळी बंद किंवा चालू मात्र करू नका.

द्राक्षबागेत सिंथेटिक पायरेथ्रॉइडची फवारणी केली की तोंडाला मुंग्या येतात, गालावर चरचरतं. आता पोरगा म्हणतो हे पण पेशीतल्या विजेमुळेच. खरं का?
(तासगाव)

पोरगा बरोबर आहे, भाऊ. सोडियमचं दार उघडून मिलिसेकंदात बंद व्हायला पाहिजे. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीनसारखी औषधं त्या दाराला धरून ठेवतात, बंदच होऊ देत नाहीत. किड्याच्या चेतापेशी मग झटक्यामागून झटके देत सुटतात आणि किडा थरथरून पडतो. हे कसं होतं ते शास्त्रज्ञांना कळलं ते पेशीच्या आत इलेक्ट्रोड घालूनच, बाहेरून नुसती थरथर दिसली असती. माणसाचं दार या औषधाला किड्याइतकं दाद देत नाही आणि आपलं लिव्हर ते लवकर मोडून टाकतं, म्हणून आपण वाचतो. पण चेहऱ्यावरच्या कातडीखाली चेतातंतूंची टोकं अगदी वर असतात, औषध थेट तिथं पोचतं, तेच तुमचं चरचरणं. सहसा दिवसभरात जातं. तरी ते अंगाने सांगितलेलं आहे की औषध कातडीवर बसलंय, पुढच्या वेळी तोंड झाका, हातमोजे घाला, वारा समोरून असेल तर फवारू नका, घरी आल्यावर साबणाने धुवा, फवारणीचे कपडे पोरांच्या कपड्यात टाकू नका. लाळ गळणं, उलट्या, श्वास जड होणं असं काही झालं तर वाट बघू नका, तडक दवाखाना, आणि औषधाची बाटली सोबत न्या. कारण ऑरगॅनोफॉस्फेट या दुसऱ्या गटातल्या कीटकनाशकांचं विष वेगळं आणि त्याचा उतारा वेगळा, डॉक्टरांना लेबल वाचायला मिळालं पाहिजे.

मेंदूत बसवतात ती न्यूरालिंकची चिप हीच का?
(सातारा)

नाही. तिच्यात 1,024 इलेक्ट्रोड आहेत पण ते पेशींच्या शेजारी बसून बाहेरून ऐकतात, आत शिरत नाहीत. जानेवारी 2024 मध्ये ती पहिल्यांदा माणसाला बसवली. मी लिहिलं ते सगळं अजून बशीतलं आहे.

पाटण तालुक्यातल्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. साधी सूक्ष्मदर्शी सोडून काही नाही. पेशीतली वीज मुलांना दाखवता येईल का?
(पाटण)

सर, येईल, आणि तीही इलेक्ट्रोडशिवाय. जुन्या विहिरीत, तळ्यात, संथ ओढ्यात एक पाणवनस्पती मिळते, कारा नाहीतर नायटेला. कांड्याकांड्यांची, प्रत्येक पेरावर पानांचा झुबका, काराला हात लावला तर चुन्यासारखी खरखरीत लागते आणि वास लसणासारखा. नायटेला मिळाली तर उत्तम, ती मऊ आणि पारदर्शक. तिच्या दोन पेरांमधलं अख्खं कांडं म्हणजे एकच पेशी, काही सेंटिमीटर लांब! स्क्विडच्या तंतूआधी या पेशीवरही विजेचे महत्त्वाचे प्रयोग झालेत.

असं एक कांडं आसपासच्या फांद्या छाटून तळ्याच्याच पाण्यात एक दिवस विसावू द्या. मग काचेवर, पाण्यात, कमी पॉवरखाली ठेवा. आतला रस पट्ट्यासारखा एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने खाली वाहताना दिसेल, हिरवे कण कडेला जागच्या जागी असतात, रसातले बारीक कण मात्र सोबत वाहत असतात, सेकंदाला 50 ते 100 मायक्रॉन वेगाने, म्हणजे मुलांना सहज दिसेल. एका मुलाला डोळा लावून बसवा. दुसऱ्याने काडीने पेशीला हलकी टिचकी द्यायची, किंवा 9 व्होल्टच्या बॅटरीच्या दोन वायरी दोन्ही टोकांजवळ पाण्यात क्षणभर टेकवायच्या. पेशीने झटका दिला की वाहणारा सगळा रस जागच्या जागी थांबतो. या पेशीचा झटका सेकंदांचा असतो, त्यात कॅल्शियम आत सुटतं आणि तेच रसाला थांबवतं. काही मिनिटांत तो आधी अडखळत, मग पूर्वीसारखा पुन्हा वाहायला लागतो. लगेच दुसरी टिचकी देऊ नका, पेशीला दम खाऊ द्या. टिचकीने झालं नाही तर पेशी बदला, उपटून आणलेल्यातल्या सगळ्याच चांगल्या नसतात, पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ पाण्यातल्या जास्त तरतरीत असतात. डोळा लावलेल्या मुलाला मोठ्याने सेकंद मोजायला लावा, थांबल्यापासून पुन्हा वाहेपर्यंत, आणि प्रत्येक पेशीचा आकडा वहीत लिहून मला पाठवा, मी पुढच्या अंकात छापते.